दार माझ्याकडं

गाडी थांबली की ते आधी स्वतः उतरायचे, पुढून वळसा घालून मागच्या दाराशी यायचे, टपावर दोन बोटांनी ठक ठक करायचे आणि मग दार उघडायचे. तेवढ्या वेळात आतल्या माणसाने चुळबुळ केली, तर काचेपलीकडून एकच वाक्य यायचं, "बसा निवांत. दार माझ्याकडं."

हे वाक्य आमच्या कॉलनीत इतकं चाललं की मुलं त्यांना दारमामा म्हणू लागली, आणि मुलांमागून मोठी माणसंही. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. एका रविवारी मारुतीच्या देवळामागच्या मंडपात ते नाव पुष्कळदा घेतलं गेलं, आणि त्या बैठकीचा अध्यक्ष मी होतो. तेवढं पुरे झालं.

आणखी एक सांगून टाकतो. त्या काळी मी त्यांना अरे-तुरे करत होतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी आणि ते तिथल्या जीपचे ड्रायव्हर. वयाने आम्ही बरोबरीचे, पण ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचो. आज लिहायला बसलो तर हाताला ‘ते’च येतं. येऊ द्या.

कारखान्याने जीप विकली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून एक जुनी पांढरी गाडी घेतली. छोटी, चार दारांची. तुम्हाला आठवत असेल, त्या काळी गल्लोगल्ली तसली एखादी तरी उभी असायची. सकाळी कॉलनीतली मुलं शाळेत सोडायची, दुपारी घरी आणायची, आणि मधल्या वेळात कुणाला स्टेशन, कुणाला दवाखाना, कुणाला लग्नघर. मागच्या सीटवर मुलं अशी कोंबलेली असत की बाहेरून काचेला चिकटलेली नाकंच दिसायची.

मुलं आणि मागची दारं यांचं काही खरं नाही, हे त्यांच्या फार लवकर लक्षात आलं. एका कार्टीने चालत्या गाडीत दाराची मूठ ओढून बघितली. दार नीट लागलेलं नव्हतं की तिने ते उघडलं, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी मागच्या दोन्ही दारांच्या आतल्या मुठी पायजम्याच्या नाड्याने एकमेकींना घट्ट बांधलेल्या दिसल्या. नाडा मुलांच्या पोटावरून जायचा. मुलांनी त्याला डबे अडकवायला सुरुवात केली. कॉलनीत ‘नाड्याची गाडी’ म्हणून हसणं सुरू झालं.

मी एकदा त्यांना थांबवलं. "अरे, नाडा कशाला? गाडीलाच सोय असते."

मागचं दार उघडून मी त्याच्या कडेला, कुलपाच्या खाली असलेली बोटाच्या पेराएवढी कडी दाखवली. ती वर केली की दार आतून उघडत नाही, मूठ नुसती हलते. बाहेरून मात्र नेहमीसारखं उघडतं. मुलांसाठीच ठेवलेली असते. मेहुण्याच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मी ते वाचलं होतं, आणि असं काही ठाऊक असल्याचा मला तेव्हा थोडा तोराही होता.

ते वाकून बघत राहिले. "आन म्या हिला नुसतं ग्रीस लावीत आलो," ते म्हणाले. "मला वाटलं, गाडी घडवताना कायतरी उरलं आन तिथंच ऱ्हायलं."

मग कडी वर करून ते स्वतः मागे जाऊन बसले. "साहेब, लावा दार."

मी लावलं. त्यांनी आतून मूठ ओढली, हलवली, दाराला खांदा लावून पाहिला. दार काही उघडेना. काचेआड त्यांचा चेहरा लेकरासारखा फुलला. मी बाहेरून दार उघडायला जरा वेळ लावला, गंमत म्हणून. उतरल्यावर त्यांनी त्या कडीवरून अंगठा फिरवला. "लेकरांची कडी," ते म्हणाले. तेच तिचं नाव पडलं.

त्या दिवसापासून नाडा गेला. मुलं बसली की कडी वर, मोठी माणसं बसली की कडी खाली, असा त्यांचा शिरस्ता. मुलांना ते आधीच सांगून ठेवायचे, "कुनी मुठीशी खेळायचं नाय. दार माझ्याकडं." आणि उतरवताना एकेकाला हात देऊन फुटपाथवर उभं करायचे, दप्तर पाठीवर चढवून द्यायचे आणि मगच दुसऱ्याला बाहेर घ्यायचे. मागची वाहनं कितीही भोंगे वाजवोत.

आता चिमीचं सांगायला हवं. चिमी माझी नात. तेव्हा पाचेक वर्षांची. ती त्यांच्याच गाडीने शाळेत जायची.

दिवाळीच्या आधी तिला कपडे घ्यायला आम्ही शहागंजला निघालो. मागे मी आणि चिमी. लेकरू गाडीत, म्हणून कडी वर. शहागंजात ही गर्दी. गाडी हलते न हलते. तेवढ्यात फुटपाथवर मला आमच्या कारखान्याचे मॅनेजर दिसले. मी उतरायला मूठ ओढली. दार उघडेना. ड्रायव्हरच्या बाजूला हातगाडी टेकलेली, त्यामुळे त्यांनाही उतरता येईना.

"बसा निवांत, साहेब. दार माझ्याकडं."

मी काच ठोठावली. मॅनेजर वळले, मला काचेआड पाहून हसले. "काय हो, कोंडून ठेवलंय का तुम्हाला?" म्हणाले आणि गर्दीत निघून गेले.

एवढंच झालं. पण ते हसणं मला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांना दाराबाहेर थांबवून ठेवत आलेला माणूस मी.

कापडाच्या दुकानापाशी त्यांनी टपावर ठक ठक केलं, दार उघडलं आणि चिमीला कडेवर घेऊन ते पायऱ्या चढू लागले. त्यांची पाठ असताना मी दाराच्या कडेची ती कडी बोटाने खाली केली. परत जाताना तरी असं अडकून बसायला नको, एवढाच विचार. त्यांना सांगितलं नाही. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण सांगण्यासारखं नव्हतं.

परतताना पिशव्या झाल्या होत्या, चिमीला पाय पसरून लोळायचं होतं, म्हणून मी पुढे बसलो. कडीचं साफ विसरलो. जालना रोडला गाडी नुकती सिग्नलवरून सुटली होती. मागे खट् आवाज झाला आणि गाडीत एकदम वारा शिरला.

वेग नव्हता म्हणून ती वाचली. रस्त्याकडेच्या मातीवर कोपरावर पडली होती, आणि पिशवीतून निसटलेला नवा झगा तिच्या शेजारी पडला होता. ते माझ्याआधी तिच्यापाशी पोचले. तिला उचललं, हात-पाय हलवून बघितले, डोक्याला कुठे लागलंय का चाचपलं. कोपर सोलून रक्त येत होतं, बाकी काही नव्हतं. तिला माझ्याकडे देऊन ते दाराशी गेले आणि वाकून कडी बघितली.

ती खाली होती.

"साहेब, म्या खाली केली," ते म्हणाले. "तुमी दुकानाशी उतरला, तवा हाताच्या सवयीनं म्याच खाली केली आसंल. आन वर करायची इसरलो." त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, मग दुसऱ्यांदा. मी त्यांचा हात धरला.

त्या वेळी मला तीन शब्द बोलायचे होते. कडी मी काढली. त्याऐवजी मी म्हणालो, "जाऊ दे. होतं असं कधी कधी. घरी मात्र काही बोलू नको."

पाहा, मी त्यांना माफ केलं. माझ्या चुकीबद्दल.

सुनेला मी सांगितलं, दुकानाच्या पायरीवरून पडली. ते फाटकाशी मान खाली घालून उभे होते. चिमीलाही बजावलं, आईला सांगायचं नाही, तिला रडू येईल. पोर शहाणी होती. तिने सांगितलं नाही.

त्या दिवाळीनंतर त्यांनी कडी खाली करणंच सोडलं. मागच्या सीटवर कुणीही बसो, लेकरू की म्हातारं, कडी वर ती वरच. आणि म्हणून टपावरची ठक ठक आणि वळसा घालून दार उघडणं सगळ्यांच्याच वाट्याला आलं. लोकांना वाटलं, काय रीत आहे या माणसाची!

आमच्या शेजारच्या जिजीबाई तर त्या ठक ठकीवर खूश होत्या. मंडईतून आल्या की फाटकाशी बसूनच राहायच्या, आणि मामांनी दार उघडलं की चारी बाजूंना बघत उतरायच्या. कुणी पाहिलं नसेल तर पुन्हा पिशवी विसरल्याचं निमित्त काढायच्या. पुढे पुढे त्यांना इतकी सवय झाली की भाच्याच्या गाडीतही त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. भाचा घरात जाऊन पाणी पिऊन आला तरी या आतच. "मावशी, उतर की!" तर म्हणाल्या, "उघडशील तर उतरीन ना. काही वळण आहे की नाही?"

शहागंजातले एक म्हातारे अत्तरवाले चाचा डोळ्यांच्या दवाखान्यात जायला त्यांचीच गाडी मागवायचे. पहिल्याच खेपेला दार उघडलं तसे चाचा म्हणाले, "क्या मियाँ, हमकू नवाब समझे क्या?"

"नवाब नै चाचा, बच्चा समझा," हे म्हणाले.

चाचांना ते फार आवडलं. हसत हसत म्हणाले, "हौ? तो फिर बच्चे कू गोदी में लेके उतारो!"

दवाखान्याला पायऱ्या होत्या आणि चाचांच्या एका डोळ्यावर पट्टी. यांनी खरोखरच त्यांना उचललं आणि वर नेऊन बाकावर बसवलं. चाचा "अरे नक्को, नक्को, मजाक किया मैं" असं ओरडत होते, आणि यांच्या शर्टाला पुढे आठवडाभर खस अत्तराचा वास येत राहिला. मुलं गाडीत बसली की नाकं वर करून हुंगायची.

हे सगळे किस्से कॉलनीत हसत हसत सांगितले जायचे. मीही हसायचो. एकदा मात्र राहवलं नाही. दोघेच होतो, मी मागे बसलो होतो. म्हणालो, "अरे, मुलं नाहीत आता गाडीत. कडी खाली कर की."

त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं. "नगं साहेब. एकदा खाली केली की वर करायची ऱ्हाती. तुमाला ठाव हाय नं."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

चिमी रोज उतरताना ते तिला विचारायचे, "कोपर कसं हाय?" ती बाही वर करून दाखवायची. जखम कधीच भरली होती. तरी ते विचारायचे, ती दाखवायची. त्यांचा तो खेळच होऊन बसला होता, असं मी स्वतःला समजावत असे.

असंच चालू राहिलं असतं. पण कॉलनीत बँकेतल्या एक बाई नव्याने राहायला आल्या. बदलीवर आलेल्या, एकट्या, शहर अनोळखी. सुट्टीवरून परतल्या तेव्हा कुणीतरी स्टेशनवर दारमामांची गाडी पाठवली. जालना रोडला टायर पंक्चर झालं. दिवस मावळत होता. हे उतरले. शेजारच्या टपरीवरचे दोन ओळखीचे गडी जॅक घेऊन मदतीला आले. बाईंनाही उतरावंसं वाटलं. गाडीत त्या रहदारीच्या बाजूच्या दाराशी बसल्या होत्या, आणि त्या बाजूने ट्रक सुसाट जात होते. त्यांनी मूठ ओढली, दार उघडेना. दुसऱ्या बाजूची ओढली, तीही नुसती हलली. त्यांनी हाक मारली.

हे काचेशी वाकले आणि रोजचं म्हणाले, "बसा निवांत. दार माझ्याकडं."

तुम्हीच विचार करा. अंधारत चाललेला अनोळखी रस्ता, बाहेर तीन पुरुष, आत एकटी बाई, दोन्ही दारं बंद, आणि काचेतून हे वाक्य. बाईंचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी माझी सून असती, तरी अशीच ओरडली असती. त्या ओरडल्या, काच बडवली. एक स्कूटरवाला थांबला, मग आणखी दोघे. यांनी घाईघाईने दार उघडलं तेव्हा बाई रडत होत्या आणि यांची कॉलर कुणीतरी धरलेली होती.

रविवारी बैठक झाली. मी मधल्या खुर्चीत. बाई स्वतः आल्या नव्हत्या. त्यांच्या वतीने बोलणारे मात्र भरपूर होते.

"शाळेची मुलं असताना समजू शकतो," एकाने विचारलं, "पण बाई एकट्या असताना दार बंद कामून?"

ते मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. "कडी म्या कदीच खाली करत नाय."

"का पण?"

"एकदा इसरलो व्हतो. एक लेकरू चालत्या गाडीतून पडलं. वाचलं. तवापासून नाय करत."

मंडपात कुजबुज झाली. त्यांनी हे का सांगितलं, मला माहीत आहे. त्यांना वाटलं, खरं सांगितलं की लोकांना पटेल.

"पडलं? कुणाचं पडलं?" माझ्याच मुलाने विचारलं. शेजारी सून बसली होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पण मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघू लागलो.

"ते नाय सांगत," ते म्हणाले. "त्या लेकराच्या घरच्यांना ठाव हाय. त्यांनी मला माफ केलंया."

मग जे व्हायचं ते झालं. "म्हणजे मूल पाडलंय आणि लपवलंयसुद्धा!" "आणि आपण आपली मुलं या माणसाच्या हाती देतोय!" बाईंची गोष्ट बाजूलाच राहिली. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या सुनेचा होता, आणि तो आईचा आवाज होता, त्याला कोण काय म्हणणार. जिजीबाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, तो असला माणूस नाही हो." पण त्यांचं कोण ऐकतो!

सोमवारपासून मुलांसाठी दुसरी गाडी, आणि यांच्या गाडीला कॉलनीत येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. अध्यक्ष म्हणून ते मीच बोलून दाखवलं. माझा आवाज अगदी स्वच्छ होता, असं नंतर एकाने मला कौतुकाने सांगितलं.

मंडपाला लोखंडी जाळीचं फाटक होतं, आपोआप मिटणारं. लोक उठले तेव्हा दारमामा पुढे झाले आणि फाटक धरून उभे राहिले. सवयच ती. लोक एकेक करून त्यांच्या हाताखालून, खाली बघत, बाहेर पडले. जिजीबाई थबकल्या. "येते रे मामा," म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी मी.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "चिमीचं कोपर बरं हाय नं?"

मी मान हलवली आणि बाहेर पडलो. मागे फाटक मिटल्याचा आवाज आला.

गाडी विकून ते गंगापूरकडच्या आपल्या गावी गेले, एवढं कळलं. मी चौकशी केली नाही. कारखाना बंद पडला, मुलगा-सून पुण्याला गेले, मारुतीच्या मंडपाच्या जागी हॉल उभा राहिला, जिजीबाई गेल्या. बैठकीतली निम्मी माणसं आता नाहीत. इतकी वर्षं गेल्यावर माणूस स्वतःशी म्हणतो, आता कुणाला काय आठवतंय. मीही तसंच म्हणत होतो.

मागच्या हिवाळ्यात चिमी पुण्याहून आली. आता तिला मुलगी आहे. चिमी गाडी चालवत होती, मी तिच्या लेकीशेजारी मागे बसलो होतो. घराशी गाडी थांबली. मी मूठ ओढली. ती नुसती हलली.

"थांबा आजोबा," चिमी म्हणाली, "चाइल्ड लॉक आहे. मी उघडते."

मी हात मागे घेतला. रात्रभर विचार केला आणि सकाळी तिला म्हणालो, "मला गंगापूरला घेऊन चल."

गाव गंगापूरच्या पुढे होतं. दोन्ही बाजूंना ऊस. घर सापडायला वेळ लागला नाही. दारमामा म्हणून तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, पण पूर्वी शहरात ड्रायव्हर होते म्हटल्यावर एकाने बोट दाखवलं. ते गेल्याला काही वर्षं झाली होती. त्यांची बायको ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी कारखान्याचं नाव सांगितलं तशी तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"साहेब व्हय तुमी? लई नाव काढायचे तुमचं. चूक झाली तरी साहेबांनी एका शब्दानं दुखवलं नाय, म्हनायचे."

तिने चहा टाकला. चहा पिता पिता ती आपणहून बोलत राहिली. "हितं आल्यावर गाडीला हात लावला नाय. ट्रॅक्टर चालवा म्हनले लोक, तर नाय म्हनले. ट्रॉलीवर लेकरं चढत्यात, म्या एक लेकरू पाडलंया. घरचं दार लावलं तरी दोनदा हलवून बघायचे. नातवंडं म्हनायची, आजा, लागलंय दार. तरी बघायचेच."

चिमी माझ्या शेजारी बसली होती. तिची लेक अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. हातातली बशी मी खाली ठेवली.

"वहिनी, त्यांनी लेकरू पाडलं नव्हतं," मी म्हणालो. "कडी मी खाली केली होती. मला दार आतून उघडायचं होतं म्हणून. त्यांना सांगितलं नाही, आणि नंतरही सांगितलं नाही."

तिला ते उमगायला वेळ लागला. एक शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली.

"मंग तवा कामून नाय बोलला?"

मी खाली ठेवलेल्या बशीकडे बघू लागलो.

"हे त्यांस्नी ऐकायचं व्हतं वो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जलमभर ऐकायचं व्हतं. आता म्या कुनाला सांगू?"

अंगणात कोंबड्या फडफडल्या. मग ती चिमीकडे वळली. "हेच का ते लेकरू?"

चिमीने मान हलवली. तिने चिमीचा हात आपल्याकडे ओढून घेतला, बाही वर सारली आणि कोपर उन्हाकडे धरून बघितलं. तिथे एक फिकट पांढरा डाग आहे, बारकाईने बघितलं तरच दिसतो. त्यावरून तिने बोट फिरवलं.

"बरं झालंय की," ती म्हणाली.

निघताना मला म्हणाली, "त्या कालनीतल्या मान्सांना तरी सांगा."

म्हणून हे लिहिलं. त्या बैठकीतली जी माणसं अजून आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलंबाळं, त्यांनी वाचावं. दारमामांनी बाईंना कोंडलं नव्हतं. ट्रकच्या रस्त्यावर त्या उतरू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी कुणाचं मूल पाडलं नव्हतं. पडली ती माझी नात होती आणि कडी मी काढली होती. त्यांनी माझ्या घरचं नाव भर मंडपात घेतलं नाही, आणि मी तिथेच समोर बसून होतो.

परतीच्या वाटेवर चिमी गाडी चालवत होती. तिची लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. शहर जवळ आलं तेव्हा चिमी समोर बघतच म्हणाली, "आजोबा, मला वाटायचं, मी दार उघडलं म्हणून दारमामा गेले."

"चिमे—"

"तुम्ही सांगू नको म्हणालात. मी नाही सांगितलं कुणाला." मग म्हणाली, "अजूनपर्यंत."

घर आलं. गाडी थांबली. मी मुठीला हात लावला नाही. चिमी स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसली, मग उतरली आणि पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आली. काचेतून मला तिचा नुसता पंजाबी ड्रेस दिसत होता. चेहरा दिसत नव्हता.

टपावर दोन बोटं वाजली. ठक ठक.

मग तिने दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मला लगेच उतरता आलं नाही.